बांडगूळ आणि फांदी



भर वैशाखांत आंब्याची एखादी फांदी टोंकाकडे वाळूं लागते, आणि त्याच फांदीच्या मध्यावर जाड पानांचा हिरवागार झुबका मात्र डुलत असतो. वाटसरूस वाटतें, झाडाचा सगळा जीव येथेंच आहे. आपण शेतकरी लोक फसत नाहीं. तें बांडगूळ आहे.

तें तेथें आलें कसें? फुलटोच्या नांवाचा चिमणीहून लहान पक्षी त्याचें गोड फळ गिळतो. आंतलें बीं इतकें चिकट कीं, विष्ठेबरोबर बाहेर पडतांना तें अंगापासून सुटत नाहीं. तो तें फांदीवर घासून पुसतो. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनीं १९३१ सालीं कोंकणांतील बांडगूळ व त्याचा प्रसार करणारे पक्षी ह्यांविषयीं लेख लिहिला होता. जमिनीवर पडलेलें बीं मरतें. फांदीवरचें साल भेदून लांकडांत शिरतें, आणि मुळांनीं वर चढविलेलें पाणी व क्षार वाटेंतच पिऊं लागतें.

येथें न्यायानें एक गोष्ट सांगितली पाहिजे. बांडगूळ अमरवेलीसारखें नव्हे. त्यास हिरवीं पानें आहेत, आणि सूर्यप्रकाशांत तें आपलें अन्न आपण करितें. मग त्याचा दोष कोणता? झाडाचा रस पितें हा? रस तर फांदीही पिते. आपल्या प्रभूनें द्राक्षवेलाचा दृष्टांत दिला, त्यांतही फाटा वेलापासूनच जगतो. पण फांदीच्या पानांनीं केलेलें अन्न खालीं बुंध्यास व मुळांस पोंचतें, तेणेंकरून मूळ पुन्हां पाणी ओढतें. बांडगूळ मुळाकडे कांहीं परत पाठवीत नाहीं. पाण्याची टंचाई पडली म्हणजे झाड जपून खर्च करितें. बांडगूळ तेव्हांही उधळीतच असतें.

मंडळींत आपण सर्वच पितों. प्रार्थनेंत, प्रभुभोजनांत, अडचणीच्या दिवसांत कोणी आणून दिलेल्या पायलीभर जोंधळ्यांत. त्याची लाज नको. उपदेशक मंडळीच्या दानावर जगतो, ह्यांतही पाप नाहीं. परंतु ज्याची वाणी गोड, ज्याचें गायन उत्तम, आणि ज्याच्या शेजारची म्हातारी आजारांत एकटी पडली, त्यानें आपली हिरवळ कोठून आली हें रात्रीं स्वतःस विचारावें. हें लिहितांना माझीही मान खालीं जाते.

उपाय सोपा नाहीं. नुसता झुबका ओरबाडला तर आंत राहिलेल्या भागापासून तो पुन्हां फुटतो. जोडाच्या खालून फांदीच कापावी लागते. गतवर्षीं एका विधवा बहिणीच्या परसांतला आंबा साफ करावयास आम्ही गेलों होतों. तिनें तीन फांद्या कापूं दिल्या. चौथीवर कैऱ्या होत्या. “एवढा हंगाम राहूं द्या, दादा,” ती म्हणाली. आम्ही कोयता खालीं ठेविला. ह्या वर्षीं त्या फांदीवर एकही कैरी नाहीं. बांडगुळास मात्र फळें धरलीं आहेत, आणि फुलटोच्या सकाळपासून तेथेंच आहे.