खाडाखोडीचा पुरावा

प्रोग्रामिंगचा पहिला अनुभव पूर्वी कंपनीच देत असे. इन्फोसिसने तर म्हैसूरला प्रशिक्षणाचे अख्खे गावच वसवले. सिव्हिल असो की मेकॅनिकल, कुठल्याही शाखेचा पदवीधर तिथे जायचा आणि काही महिन्यांनी प्रोग्रामर होऊन बाहेर पडायचा. दहावी, बारावी आणि पदवीला साठ टक्के, बरे इंग्रजी, कोडी सोडवणारे डोके एवढ्यावर भागायचे. शिकवण्याचा खर्च कंपनीचा. ती पद्धत पुरती मोडलेली नाही, पण हिशेब बदलला आहे. २०२२ मध्ये ऑफर मिळालेल्या काही मुलांना तिथे रुजू व्हायला २०२४ उजाडले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतर्गत परीक्षेत तीनदा नापास झाल्याचे कारण देऊन तिथल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवण्यात आले. प्रशिक्षणालाही आता आधी शिकून आलेला माणूस हवा. त्या शिकण्याचा खर्च बीड-लातूरहून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराच्या घरावर पडतो.

खर्च असा सरकला की त्याभोवती बाजार उभा राहतो. क्लास लावायचा, जावा नाहीतर टेस्टिंग शिकायचे आणि वर आणखी पैसे मोजून दोन वर्षांचा ‘एक्सपीरियन्स लावून’ घ्यायचा. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, रिलिव्हिंग लेटर असा पूर्ण संच मिळतो. पडताळणीवाले भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी तपासू लागले, तेव्हा पीएफ भरून देणाऱ्या कागदी कंपन्याही निघाल्या. यात पकडले जाण्याची भीती सगळेच सांगतात. मला न पकडला गेलेला जास्त अडचणीत दिसतो. दोन वर्षांचा अनुभवी म्हणून खुर्चीत बसल्यावर त्याला साधी शंका विचारायची सोय राहत नाही. ‘मला हे येत नाही’ म्हणण्याची फ्रेशरला असलेली मुभा त्याने पैसे देऊन घालवलेली असते.

दुसरा सल्ला अधिक सभ्य आहे: गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर काम दाखवा, मुक्त स्रोत प्रकल्पांना हातभार लावा. सल्ला चांगलाच, पण त्याचे काय झाले ते बघा. एक्स्प्रेस ही वेबसाइट बांधणाऱ्यांच्या रोजच्या वापरातली फ्रेमवर्क. २०२४ च्या सुरुवातीला तिच्या ‘रीडमी’ या माहितीच्या फाइलमध्ये फक्त स्वतःचे नाव घुसवणारे बदल सुचवणाऱ्यांची रीघ लागली. मुले बहुतेक भारतीय होती. एका यूट्यूब धड्यात नमुन्यादाखल तोच प्रकल्प घेतला होता आणि धडा बघणाऱ्यांनी नमुना शब्दशः गिरवला. त्याआधी २०२० मध्ये, मुक्त स्रोत प्रकल्पांना हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात, टी-शर्टापायी असाच गोंधळ झाला होता, तो इतका की आयोजकांना मध्येच नियम बदलावे लागले. मुलांना हसणे सोपे आहे. त्यांना पुरावा कुठे ठेवायचा ते दाखवले होते, तो कशाचा असतो हे कुणी सांगितले नव्हते. आता तर नेटफ्लिक्सची नक्कल किंवा खरेदीची वेबसाइट एआय एका दुपारीत लिहून देते. तयार प्रकल्पावरून काही ठरवण्याचे दिवसच गेले.

माझ्या मते विश्वास ठेवावा अशी एकच जागा उरते: केलेल्या कामातली खाडाखोड. समजा, सांगलीकडच्या एका मुलीने गावच्या दूध संकलन केंद्रासाठी प्रोग्राम लिहिला. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (स्निग्धेतर घनपदार्थांना) धरतात, त्याच्या वर-खाली पॉइंटप्रमाणे वाढ किंवा कपात. लिटरला दराने गुणायचे, त्यात अवघड काय? पहिल्याच दहा दिवसांच्या बिलात काही पैशांचा फरक निघतो. ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका मावत नाही, म्हणून रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवायला हवी होती. ते निस्तरते तोवर दूध संघ महिन्याच्या मधूनच दर बदलतो. तिने नवा तक्ता भरताच मागच्या आठवड्याची बिलेही बदलतात, कारण दरासोबत तो कधीपासून लागू झाला ही तारीख ठेवलेली नसते. सकाळच्या गर्दीत वीज जाते आणि नोंद अर्धी राहते. एकाच नावाचे तीन उत्पादक निघतात आणि एकाचे दूध दुसऱ्याच्या खात्यावर चढते.

यातली प्रत्येक चूक आणि दुरुस्ती, शिवाय त्या दुरुस्तीने मोडलेले आणखी काहीतरी, तिच्या कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदींच्या, इतिहासात तारीखवार उतरलेले असते. असा इतिहास कुणी बनावटही रचू शकेल. पण कुठे काय मोडते आणि ते का मोडते हे पटेल असे रचायला जेवढी समज लागते, तेवढी असेल तर बनावटीची गरजच पडत नाही. मुलाखत घेणाऱ्याने ‘हा दर वेगळ्या तक्त्यात का नेलास?’ एवढे विचारले, तरी पाच मिनिटांत समोरच्याचा अंदाज येतो.

प्रश्न असा की विचारणार कोण? मोठ्या कंपनीच्या ड्राइव्हला हजारोंनी अर्ज येतात आणि पहिली चाळणी टक्केवारीची असते. बारावीला अठ्ठावन्न टक्के असलेल्या मुलीचा कोड कुणाच्या डोळ्यांपुढे येतच नाही. म्हणून हा पुरावा छोट्या कंपनीत अधिक चालतो, कारण तिथे मुलाखत घेणाऱ्यालाच उद्या तिच्या शेजारी बसून काम करायचे असते. मोठ्यांना सक्तीचा रस्ता कायद्यात आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे असतात, आणि १९७३ च्या दुरुस्तीपासून त्यात अभियांत्रिकीचे पदवीधरही येतात. ‘फ्रेशर्स तयार नसतात’ अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येक कंपनीला आधी तिच्याकडच्या शिकाऊंचा आकडा विचारायला हवा.

तोवर त्या मुलीने दूध केंद्राच्या चेअरमनकडून कौतुकाच्या पत्राऐवजी कामाचे पैसे घ्यावेत. पाच हजार का असेनात, पण रीतसर बिल करून, आणि ते काम बायोडेटात ‘प्रोजेक्ट’ऐवजी ‘अनुभव’ या मथळ्याखाली लिहावे. चेअरमन घासाघीस करतील, आणि तेवढ्याच पैशांत म्हशीच्या दुधाचा तक्ताही बसवून मागतील. त्याचे बिल वेगळे.