नावाची अमानत

मूल जन्माला आले की सातव्या दिवशी अकीका करून त्याचे नाव ठेवणे ही सुन्नत आहे. आईवडील थोरामोठ्यांना विचारून, अर्थ पाहून नाव निवडतात. पुढे तेच मूल मोठे होऊन कामाला लागते आणि जळगावच्या एमआयडीसीतील चटईच्या कारखान्यात, एखाद्या डाळमिलमध्ये, भुसावळच्या रेल्वे यार्डात किंवा धुळ्याच्या पॉवरलूमवर महिनाभरात ‘टकल्या’, ‘बुटक्या’, ‘काळ्या’ किंवा ‘तोतऱ्या’ होऊन जाते. हजेरीच्या मस्टरवर खरे नाव असते, पण ते पगाराच्या दिवसापुरतेच उच्चारले जाते. ज्याला अशी हाक मारली जाते तो बहुधा हसतो, आणि आपण समजतो की त्याला हे चालते. वाचक बंधू-भगिनींनो, ते हसणे खरोखरच संमती असते काय?

पवित्र कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये, अकराव्या आयतीत, अल्लाहने श्रद्धावंतांना तीन गोष्टींपासून रोखले आहे: एकमेकांची टर उडवणे, टोमणे मारणे आणि वाईट उपनावांनी हाक मारणे. जे यातून तौबा करीत नाहीत त्यांना जालिम, म्हणजे अत्याचारी, ठरवले आहे. एवढ्या ‘किरकोळ’ वाटणाऱ्या गोष्टीला जुलूम हा शब्द का वापरला गेला, याचा विचार आपण क्वचितच करतो. टोमण्यांविषयी बोलताना या आयतीत दुसऱ्याला नव्हे, तर स्वतःला टोमणे मारू नका, अशी शब्दयोजना आहे. म्हणजे सोबत्याची अब्रू ही आपलीच अब्रू होय.

या आयतीची पार्श्वभूमी हदीसच्या ग्रंथांत आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेस आले तेव्हा बनू सलमा घराण्यातील प्रत्येकाला दोन-तीन नावे होती. प्रेषितांनी (स.) एखाद्याला त्यातील एका नावाने हाक मारली की लोक सांगत, या नावाचा त्याला राग येतो. अशा प्रसंगी ही आयत अवतरली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाव वाईट आहे की नाही, हे त्या नावाच्या शब्दार्थावरून ठरले नाही. ज्याला हाक मारली जात होती त्याच्या मनाला ते लागत होते, एवढे कारण पुरेसे ठरले.

यावर कोणी म्हणेल, मग प्रेमाचे टोपणनावही निषिद्ध काय? तसे नाही. हजरत अली (र.) एकदा मशिदीत जमिनीवर झोपले होते आणि अंगाला माती लागली होती. प्रेषितांनी (स.) मायेने ती माती झटकत त्यांना ‘अबू तुराब’, म्हणजे मातीवाला, अशी हाक मारली. हजरत अलींना (र.) हे नाव सर्वांत प्रिय होते. हजरत अबू हुरैरा (र.) हे नावही मांजराच्या पिलावरून पडलेले आहे. शब्द साधेच होते, पण ज्याचे नाव त्याने ते आनंदाने आपले म्हटले. खानदेशात घराघरांत लाडाची नावे असतात, तीही याच मोजमापाने पाहावीत.

कधीकधी ओळख पटवण्यासाठीच उपनाव लागते. एकाच पाळीत तीन शेख रफीक असले तर काय करावे? आपल्या विद्वानांपुढेही हा प्रश्न होता. हदीसचे थोर निवेदक ‘अल-आमश’ (अधू डोळ्यांचे) आणि ‘अल-आरज’ (लंगडे) याच उपनावांनी ओळखले जातात, आणि अवमानाचा हेतू नसेल व दुसऱ्या कोणत्याही रीतीने ओळख पटत नसेल तेव्हा विद्वानांनी याची मुभा दिली आहे. पण तेथेही त्यांनी किती जपून पाऊल टाकले ते पाहा. इस्माईल बिन इब्राहीम हे मोठे हदीसवेत्ते होते. लोक त्यांना त्यांच्या मातेच्या नावावरून ‘इब्ने उलय्या’ म्हणत, आणि ते त्यांना आवडत नसे. यहया बिन मईन (रह.) यांनी त्यांचा असा उल्लेख केला, तेव्हा इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी त्यांना टोकले आणि पूर्ण नाव घेण्यास सांगितले, कारण ते नाव इस्माईल यांना नापसंत असल्याचे त्यांच्या कानावर आले होते. यहया (रह.) यांनी वाद घातला नाही, चांगले शिकवल्याबद्दल आदर दाखवून ते ऐकले. एकाच क्षेत्रात काम करणारे हे तिघे. त्यात सहकाऱ्याच्या पाठीमागे त्याच्या नावाची राखण करणारा एक होता आणि ऐकून सुधारणारा एक होता. आपल्या कामाच्या ठिकाणी नेमकी याच दोघांची उणीव असते.

‘आम्ही मस्करी करतो, मनात काही नसते,’ हा नेहमीचा बचाव आहे. बोलणाऱ्याच्या मनात काही नसेलही, पण घाव ऐकणाऱ्याच्या मनावर होतो. 1601 साली अकबराने खानदेश जिंकला आणि शहजादा दानियालच्या नावावरून या प्रांताला ‘दानदेश’ हे नाव दिले. ते टिकले नाही. लोकांच्या तोंडी खानदेशच राहिला. लादलेले नाव हजारो लोक मिळून नाकारू शकतात. पण पाळीतल्या दहा जणांनी एकट्याला ठेवलेले नाव तो एकटा कसा नाकारणार? रागावला तर ‘याला मस्करी कळत नाही’ म्हणतात आणि गप्प राहिला तर नाव पक्के होते. त्यातून नाव ठेवणारा मुकादम किंवा सुपरवायझर असेल तर रोजीचाही प्रश्न येतो. म्हणून याला जुलूम म्हटले आहे.

‘जे खरे आहे तेच म्हणतो,’ हा दुसरा बचाव. हजरत सफिय्या (र.) यांना यहुद्याची मुलगी म्हणून हिणवले गेले, तेव्हा त्या रडल्या. वंशाच्या दृष्टीने ते असत्य नव्हते, तरीही प्रेषितांनी (स.) त्यांच्या कुळातील पैगंबरांची आठवण देऊन त्यांचा मान त्यांना परत दिला आणि बोलणाऱ्या पत्नीला अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले. हजरत अबू जर (र.) यांनी एकाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश आहे, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावले आणि हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत, अशी शिकवण दिली.

आपल्या मुलांना कामावर कोणी ‘मुल्ला’ किंवा ‘पाकिस्तानी’ म्हटले की आपल्याला वेदना होतात, आणि त्या होणारच. पण यावल-रावेरकडच्या तडवी भावाला आपण काय म्हणतो? विणकराला, खाटकाला, तेल्याला त्याच्या बिरादरीवरून कोण हिणवते? दलित सहकाऱ्याच्या जातीचा उल्लेख चहाच्या टपरीवर कसा होतो? देशाच्या कायद्याने 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमात अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींचा चारचौघांत जातिवाचक अपमान गुन्हा ठरवला, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात दिव्यांगाला चारचौघांत जाणूनबुजून अपमानित करण्यास सहा महिने ते पाच वर्षे कैदेची तरतूद केली. जे कायद्याच्या धाकाने टाळावे लागते ते श्रद्धावंताने ईशभयाने आधीच टाळलेले असावे.

मग करावे काय? ज्याला असे नाव चिकटले आहे त्याने ते मुकाट्याने गिळू नये. चारचौघांत भांडण्याऐवजी एकेकट्याला बाजूला घेऊन शांतपणे सांगावे की भाऊ, मला माझ्या नावाने हाक मारा, त्या शब्दाने मला त्रास होतो. उलट त्याच्यावर दुसरे नाव ठेवू नये. आयतीत मनाई परस्परांना आहे. दोनदा सांगूनही फरक पडला नाही तर वरिष्ठांकडे जाण्यात कमीपणा नाही. जुलूम थांबवणे ही जालिमाचीही मदत आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

जो हाक मारतो त्याने एकदा विचारावे, ‘तुला हे नाव चालते ना?’ आणि उत्तरापेक्षा उत्तराआधीच्या क्षणभराच्या थबकण्याकडे लक्ष द्यावे. जे केवळ ऐकतात आणि हसतात त्यांची जबाबदारी सर्वांत मोठी आहे, कारण टोपणनाव हसणाऱ्यांवरच जगते. त्यांच्यापैकी एकाने जरी दुसऱ्या दिवशी खऱ्या नावाने हाक मारली, तरी ते नाव सैल होऊ लागते. घरीही तेच. मुले भावंडांना काय म्हणतात, याकडे आपण लक्ष दिले तर उद्याचा कारखाना वेगळा असेल.

याच सूरहच्या तेराव्या आयतीत माणसांना कुळे आणि जमाती दिल्या त्या एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, असे सांगितले आहे. नाव हे ओळखीसाठी आहे. ते ज्याचे त्याच्याकडे अमानत म्हणून आले आहे, आणि आपल्या तोंडी ते काही क्षणांसाठी येते. अमानत जशी मिळाली तशीच परत करायची असते.

अल्लाह आपल्या जिभांना सोबत्यांच्या अब्रूची राखण करणारे बनवो. आमीन.