वाट माहीत असलेला माणूस

आपल्या राळेगावला रेल्वे नाही. २०२४ साली वर्ध्याहून शेजारच्या कळंबपर्यंत गाडी आली खरी, पण मुंबईला मुलाकडे किंवा लेकीकडे जायचे तर आपण आजही वर्ध्याला जाऊन विदर्भ नाही तर सेवाग्राम एक्सप्रेस धरतो आणि दुसऱ्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. तेथे उतरल्यावर काय होते, हे ज्याने अनुभवले त्याला सांगायला नको. हातात पिशवी, डोक्यावर गाठोडे, आणि चारही बाजूंनी धावणारी माणसे.

हे स्थानक १८८७ सालचे. त्याला अठरा फलाट आहेत. त्यांतले सात लोकल गाड्यांचे आणि अकरा लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. छप्पर एकच, पण खाली दोन प्रकारची माणसे असतात. एकाला मिनिटाचा हिशेब असतो, कारण तीन दिवस उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार जातो. दुसरा चार तास आधी येऊन जमिनीवर चादर अंथरून बसतो, कारण गाडी चुकली तर दुसरे तिकीट काढायला पैसे नसतात. पहिल्याला सगळे जिने, सगळी दारे पाठ असतात. दुसऱ्याला आपला फलाटसुद्धा विचारावा लागतो. या दोघांचे एकमेकांशी काही देणे लागते का?

आम्ही मुंबईत तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी साडेसहाची वेळ, आम्ही लोकल पकडायला धावत होतो. एका म्हातारीने हात धरून थांबवले. "बापू, विदर्भ कुठी लागते?" बोलण्यावरून कळले की आपल्याकडची आहे. आम्ही हाताने "तिकडे" असे दाखवले आणि पळालो. लोकल मिळाली, बसायला जागाही मिळाली. भायखळा गेल्यावर लक्षात आले की आम्ही दाखवले ते रस्त्यावर जायचे दार होते. तिला गाडी मिळाली की नाही, हे कळायला आज काही मार्ग नाही.

त्यानंतर एका पुस्तकात अमेरिकेतल्या एका प्रयोगाविषयी वाचले आणि चेहरा लाल झाला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली तो प्रसिद्ध केला. प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना त्यांनी एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवले. काहींचा विषय चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला हाच होता. वाटेत दाराशी एक माणूस कण्हत पडलेला ठेवला होता. भाषणाचा विषय कोणता, याने फारसा फरक पडला नाही. ज्यांना वेळ आहे असे सांगितले होते त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, आणि ज्यांना "उशीर झाला, पळा" म्हटले होते त्यांच्यातले १० टक्के. म्हणजे दाखला पाठ असून चालत नाही. (आम्हाला तर तेव्हा भाषणही द्यायचे नव्हते.)

पण घाई करणाऱ्याला दोषी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. त्याच्या घरी लेकरू वाट पाहत असते. यरीहोच्या वाटेवर जखमी एकच होता आणि वाट सुनसान होती. स्थानकावर रोज लाखो माणसे जातात. प्रत्येक अडलेल्यापाशी थांबायचे म्हटले तर कोणी घरीच पोहोचणार नाही. लेव्हिनास हा फ्रेंच तत्त्वज्ञ म्हणे की समोरच्याचा चेहरा पाहिला की त्याची जबाबदारी आपल्यावर येते. चेहरे हजार असतील तर?

आम्हाला वाटते, त्या म्हातारीने याचे अर्धे उत्तर दिले होते. तिने हजारांतून एकाला निवडले आणि विचारले. विचारेपर्यंत आम्ही गर्दीतले एक होतो. तिने हात धरला तेव्हा आम्ही गर्दीतून वेगळे झालो. आता "दुसरा कोणी सांगेल" हे म्हणायची सोय उरली नव्हती.

उरलेले अर्धे उत्तर त्याच स्थानकाने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दाखवले. दोन दहशतवाद्यांचा गोळीबार सुरू झाला तो लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या प्रतीक्षागृहात, जमिनीवर चादर अंथरून बसलेल्यांवर. स्थानकात ५८ माणसे मेली. लोकलच्या बाजूला उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीत होते. तेही पळू शकत होते. ते बसून राहिले आणि ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सांगत राहिले, की मागच्या बाजूने, एक नंबरच्या फलाटाकडून बाहेर पडा. लोकलमधून उतरणारी माणसे त्या आवाजामागे निघाली आणि वाचली. त्यांना कोणी विचारले नव्हते. पण धोका कोठे आहे आणि दार कोणते, हे वरून दिसत होते त्यांनाच. खाली कोणाला ते ठाऊक नव्हते.

त्या रात्री त्यांच्यावर जबाबदारी आली ती ओळखीमुळे नव्हे, नात्यामुळे नव्हे. एवढ्या गोंधळात एका माणसाला वाट माहीत होती, म्हणून आली. त्यांचे ते कामच होते, असे कोणी म्हणेल. पण कामाच्या यादीत गोळ्या सुरू असताना बसून राहायचे असे कोण लिहितो?

मुंबईत आपण राळेगावकर गाठोडेवाले असतो. इकडे मात्र दार माहीत असलेले आपणच. तहसील कचेरीत कोलाम पोडावरून आलेला म्हातारा कागद हातात धरून चुकीच्या खिडकीशी तासभर उभा असतो आणि आपण त्याच्यापुढून जातो. वेचणीच्या दिवसांत बाहेरून आलेली मजूर कुटुंबे रात्री बसस्थानकावर उतरतात. ती विचारत नाहीत, भितात.

परवा बसस्थानकावर एका बाईने आम्हाला विचारले, "भाऊ, वडकीची गाडी लागली का?" एका आजारी माणसाला भेटायला निघालो होतो, उशीर झालाच होता. तरी पाटी वाचली, तिची पिशवी घेतली, तिला गाडीत बसवले. कंडक्टर म्हणाला, ही झाडगावला जाते, पाटी कालची आहे. तिला उतरवले आणि दोघेही उभे राहिलो. वडकीची गाडी पाऊण तासाने आली. आजाऱ्याच्या घरी पोहोचलो तेव्हा त्यांनी विचारले, "फादर, गाडी बंद पडली होती का?"