सत्य बोलणाऱ्याला आसरा

हद्दपारीची कथा सांगणारा चित्रपट पाहताना मन हेलावते. परंतु हळहळ म्हणजे न्याय नव्हे. श्याम बेनेगल यांच्या ‘मम्मो’ (१९९४) या चित्रपटाचा शेवट म्हणूनच नीतीच्या कसोटीवर तपासून पाहण्याजोगा आहे. पानिपतला जन्मलेली महमूदा बेगम ऊर्फ मम्मो विवाहामुळे लाहोरची होते आणि फाळणीमुळे परदेशी ठरते. पतीच्या निधनानंतर नातलग तिला घराबाहेर काढतात. ती मुंबईत बहीण फय्यूजी आणि तिचा नातू रियाज यांच्याकडे येते. व्हिसाची मुदत वाढावी म्हणून लाच दिली जाते. पुढे अधिकारी बदलतो आणि पोलीस तिला बळाने फ्रंटियर मेलमध्ये बसवतात. अनेक वर्षांनी ती परतते, तेव्हा घरचीच माणसे तिच्या मृत्यूचा खोटा दाखला सादर करतात. बहिणीजवळ जगता यावे म्हणून तिला कागदावर मरावे लागते.

या असत्याला काय म्हणावे? पवित्र कुरआनच्या सूरह माइदाची पहिलीच आयत करार पाळण्याची आज्ञा देते, आणि व्हिसा हा एक करारच आहे. लाच तर देणाऱ्यालाही दोषी ठरवते. ते असत्य आपण वैध म्हणू शकत नाही.

मात्र येथेच थांबणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. मक्केत हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) यांचा अतोनात छळ झाला, त्यांच्या माता हजरत सुमय्या (रजि.) शहीद झाल्या. यातना असह्य होऊन अम्मार यांच्या तोंडून ईमानाविरुद्ध शब्द निघाले. ते रडत आले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांच्या हृदयाची स्थिती विचारली. सूरह नहलच्या १०६ व्या आयतीने अशा विवशाला दोषमुक्त केले. त्यामुळे ते शब्द सत्य ठरले नाहीत; दोष छळणाऱ्यांच्या माथी गेला. मम्मोची विवशता अम्मार यांच्या यातनांएवढी नाही, म्हणून ती सवलत जशीच्या तशी तिला लावता येणार नाही. तरीही आयतीतील दिशा स्पष्ट आहे: दुर्बलाच्या असत्याचा हिशेब मांडताना त्याला तेथवर ढकलणाऱ्यांचाही हिशेब मांडावा लागतो.

इ. स. ६२२ च्या हिजरतीनंतर मदीनेत नेमकी हीच व्यवस्था बदलली गेली. प्रेषितांनी (सल्ल.) मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुत्व जोडले. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दुआ दिली आणि केवळ बाजाराचा रस्ता विचारला. तेथे निर्वासिताला आपले गाव लपवावे लागले नाही, आपल्या दुःखाचे प्रदर्शनही करावे लागले नाही. ‘मी मक्केचा, सर्वस्व मागे टाकून आलो आहे’ हे सत्य सांगूनच त्याला घर मिळाले आणि व्यापारही करता आला. सत्य बोलण्याची किंमत यजमानांनी आधीच चुकती केली होती.

आता आपल्याकडे पाहू. भाईंदरच्या जेसल पार्कसारख्या वस्तीत बहुतेक जण कोठून तरी आलेले: कोणी कोकणातून, कोणी उत्तरेतून, कोणी मुंबईतले घर सोडून. शेजारच्या मीरा रोडला तर १९९२-९३ च्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबे जीव मुठीत धरून आली. नाव ऐकताच भाड्याचे घर नाकारले जाते, ही आपली रास्त तक्रार आहे. परंतु आपल्यातलाच घरमालक भाडेकरूचा मसलक किंवा बिरादरी विचारून दार लावतो, बांगला बोलणाऱ्या मजुराला पहिल्या सफमध्ये पाहून आपल्यातलाच कोणी कुजबुजतो, तेव्हा आपण कोणाच्या बाजूला उभे असतो? अशा माणसाने उद्या गाव बदलून सांगितले, तर त्याला सत्याचे प्रवचन देण्याचा अधिकार आपल्याला किती उरतो?

भाडेकरूची नोंद पोलिसांत करणे हा कायदा आहे, तो पाळावा. कायद्यात न मागितलेले प्रश्न मात्र आपले आपण वाढवलेले असतात. ते वगळणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. ज्याने खरे सांगितले, त्याला त्या खऱ्यापायी रस्त्यावर यावे लागू नये, एवढी तरी अन्सारांची सुन्नत आपल्या इमारतींत जिवंत राहो. अल्लाह आपल्याला ते बळ देवो. आमीन.