मिठावाचून सुकणारे बाळ

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी जिभेला खारट लागते. मीठ फार झाल्याची तक्रार तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्या मातीत जन्मलेले एखादे बाळ मिठावाचून मरू शकेल, हे कोणास खरे वाटावे?

परंतु तसे घडते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत जन्मतःच एका विकराची उणीव असली, तर मीठ राखणारे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही व मीठ लघवीवाटे वाहून जाते. पहिले काही दिवस बरे जातात. पुढे बारशाच्या सुमारास बाळ ओकू लागते, दूध सोडते, सुकते. साधी उलटी किंवा जंतुसंसर्ग समजून उपचार होतात आणि बाळ हातचे जाते. शेजारीण म्हणते, सटवाईने लिहिले होते. आपण म्हणतो, देवाची मर्जी. या दोहोंत अंतर किती, हा प्रश्न आम्हांस छळतो.

मूल गमावलेल्या मातेजवळ बसून हे शब्द उच्चारणे ही करुणा आहे; तिला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु तेच शब्द आधीच बोलून स्वस्थ बसणे हा निव्वळ आळस होय. हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि थोडे मीठ, एवढ्यावर असे मूल वाढते. औषध मात्र जन्मभर घ्यावे लागते.

मुलग्यात बाहेरून सहसा खूण दिसत नाही. मुलीत दिसते: तिच्या जननेंद्रियाची ठेवण संदिग्ध असते, क्वचित तिला मुलगाच समजले जाते. म्हणजे तिच्या बाबतीत पूर्वसूचना मिळालेली असते, आणि नेमकी तीच आपण दुपट्यात झाकतो. सासरी कळू नये, म्हणून डॉक्टरांनाही दाखवीत नाही. गर्भातील जीवासाठी तळमळीने बोलणारे आपण लोकलाजेपुढे असे मुके का होतो?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच शहरांत लाखाहून अधिक नवजातांची तपासणी केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ५,७६२ बाळांमागे एकास हा विकार, तर १,१३० मागे एकास जन्मजात थायरॉईडची उणीव आढळली. ही दुसरी उणीव सहसा जीव घेत नाही, पण पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू न झाल्यास बुद्धी कायमची खुंटते. दोन्हींचा शोध टाचेतील रक्ताच्या थेंबांतून, टिपकागदावर लागतो. गोव्याने २००८ साली अशी तपासणी सुरू केली होती.

डिंकाचे लाडू घेऊन बाळंतिणीला भेटायला जाणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील भगिनी बाळाचे नाक कोणावर गेले, हे आवर्जून पाहतात. त्यांनी एवढेही विचारावे: टाचेचे रक्त तपासले का? वजन वाढते आहे ना?