औषधावरची अट

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगराळ तालुक्यांपासून खाली बोईसर ओलांडून चिंचणी-तारापूरच्या समुद्रकाठापर्यंत झाडपाल्याचे औषध देणारी जी माणसे आढळतात, मग तो वारल्यांच्या पाड्यावरचा भगत असो, बाळंतिणीची उस्तवार करणारी सुईण असो, की मांगेल्यांच्या आळीतील एखादी जाणती वृद्धा असो, त्यांच्यापैकी पुष्कळजण दोन नियम कटाक्षाने पाळतात. औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत, हा पहिला. आणि औषध कोणत्या झाडाचे हे सांगायचे नाही, हा दुसरा. कारण विचारल्यास दोहोंना मिळून एकच उत्तर येते : गुण जातो. देवाचा मान म्हणून नारळ, कोंबडे किंवा थोडी दारू स्वीकारली जाते. परंतु ती औषधाची किंमत नव्हे, असे घेणारा आणि देणारा दोघेही मानतात. ही समजूत एकट्या पालघरची नाही. कोकणात आणि देशावरही ती सर्वत्र भेटते, आणि चार बुके शिकून शहरातून परतलेले नातवंड तिला हसते. हसण्यापूर्वी तिच्या पोटात काय असावे याचा विचार करणे धर्मजिज्ञासेच्या दृष्टीने मला अगत्याचे वाटते.

शब्दशः घेतली तर ही समजूत टिकत नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. खोकल्याला अडुळशाच्या पानांचा रस, पोटात वायू धरला तर ओव्याचे पाणी, अतिसाराला कुड्याची साल, तान्ह्या मुलाच्या मुरड्याला सहाणेवर उगाळलेली मुरुडशेंग, कापले-खरचटले असता चुरगळून लावलेला दगडी पाला, सुजेवर निरगुडीचा शेक, खरजेला करंजाचे तेल, पडसे झाले की गवती चहा आणि सुंठ : यांतली निम्मी औषधे कुंपणाला आणि शेताच्या बांधावर उभी असतात, साऱ्या गावाला ती नावानिशी ठाऊक असतात, आणि ठाऊक असूनही ती लागू पडतात. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्याचा अभ्यास करीत रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन सिद्ध केले. ते आज खोकल्याच्या कित्येक बाटल्यांत असते, बाटलीवर त्याचे नाव छापलेले असते, दुकानदार त्याचे पैसे घेतो, आणि तरीही छातीतला कफ सुटतो. खुद्द तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आधुनिक औषधांची मूलद्रव्ये पिंपे भरभरून तयार होतात. त्यांच्या प्रत्येक घटकाची दप्तरी नोंद असते आणि प्रत्येक किलोचा हिशेब होतो. मूल्य घेतल्याने किंवा नाव उच्चारल्याने द्रव्याचा प्रभाव ओसरत असता, तर ही सारी वसाहत केव्हाच ओस पडली असती.

पण धर्माची पुष्कळशी विधाने वस्तूंविषयी बोलत असल्यासारखी दिसतात आणि वास्तविक माणसाविषयी बोलत असतात. ‘पैसे घेतल्यास औषधाचा गुण जातो’ हे वाक्य वनस्पतीच्या माथी एक अट मारते. ती अट देणाऱ्याच्या आचरणावर आहे, हे मात्र ते उघडपणे म्हणत नाही. ‘तू लोभ धरू नकोस’ असा उपदेश केला असता, तर तो उपदेश ऐकून सोडून देण्याची मुभा भगताला राहिली असती. ‘लोभ धरलास तर पाल्यातून काही उतरणार नाही’ असे सांगितल्यावर ती राहत नाही. आणि या अटीचा व्यवहारातील परिणाम पाहिला म्हणजे ज्या कोणा अज्ञात पूर्वजांनी ती घातली त्यांच्या शहाणपणाविषयी आदर वाटू लागतो. ज्याला औषध विकायचे नाही, त्याला साध्या पडशाचा क्षय करून दाखविण्याचे कारण उरत नाही. दोन दिवसांनी आपोआप बरे होणारे दुखणे तो दोन दिवसांचेच राहू देतो. खोट्या औषधांच्या आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी सरकारला १९५४ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या कायद्याचे अर्धे काम पाड्यावरची ही एक समजूत, कोणत्याही फौजदाराच्या साहाय्यावाचून, करीत आली होती.

वनस्पती घेण्याच्या रीतीलाही हाच न्याय लागू पडतो. औषधी खुडण्याच्या आदल्या संध्याकाळी झाडापाशी जाऊन अक्षता-सुपारी ठेवून त्याला निमंत्रण द्यावे, पहाटे कोणी टोकण्याच्या आत जाऊन ते आणावे, मूळ सगळे उपटू नये, ही वहिवाट ग्रामीण महाराष्ट्रात जुनी आहे. चरकाच्या कल्पस्थानात वनौषधी गोळा करणाऱ्याने शुचिर्भूत व्हावे, शुभ्र वस्त्र नेसावे, उपोषित राहावे, देवतांचे आणि अश्विनीकुमारांचे पूजन करून पूर्वाभिमुख किंवा उत्तराभिमुख होऊन ती घ्यावी, असे सांगितले आहे. वारल्यांच्या घरी पावसाच्या प्रारंभी रानात उगवणारी कोवळी भाजी देवाला दाखविल्यावाचून खात नाहीत. उपवासाने मुळात रस वाढत नाही. परंतु ज्याला एका मुळीसाठी आदल्या संध्याकाळी जाऊन हात जोडावे लागतात, तो पोते घेऊन रानात शिरत नाही. सफेद मुसळीचे कंद बाजारात चढ्या भावाने जाऊ लागले आणि निमंत्रणाची रीत सुटली, तेव्हा ती वनस्पती कोणत्या वेगाने विरळ झाली, हे सह्याद्रीच्या उतारांनी पाहिले आहे. परवानगी कोणाची घ्यावयाची, हा प्रश्नही इतिहासात एकदा बदलला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले वेचण्यावर आणि बाळगण्यावर निर्बंध आले, आणि ज्या झाडाची इजाजत आदिवासी आजवर झाडापाशीच मागत होता, ती त्याला अबकारी खात्यापाशी मागावी लागली. खात्याला महसूल हवा होता. झाडाला अक्षता पुरत होत्या.

इथवर मी या समजुतीच्या बाजूने बोललो. नाव न सांगण्याच्या नियमाविषयी मात्र मला तितक्या निःशंकपणे बोलता येत नाही. त्याचे समर्थन करता येत नाही असे नाही : बिब्ब्यासारखे द्रव्य अडाणी हाती पडले तर अंगावर फोड उठतात, अडुळसा गर्भिणीला देऊ नये, आणि अर्धवट माहितीने केलेला उपचार मुळीच न केलेल्या उपचाराहून वाईट, हे प्रत्येक जाणत्या भगताला कळते. तथापि गुप्ततेची किंमत फार मोठी आहे. जे एकालाच ठाऊक असते ते त्याच्याबरोबर सरणावर जाते. आणि जे कोणाला सांगितले नाही, ते चुकत असेल तर चुकते आहे हे कोणाला कळतही नाही. चरकाने या बाबतीत जो विवेक दाखविला आहे तो अपूर्व म्हणावा लागेल. औषधींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांकडून, गोपाळांकडून आणि वनवासी लोकांकडून जाणून घ्यावीत, असे तो स्पष्टपणे सांगतो. म्हणजे ज्या ग्रंथाला शास्त्राची सनद मिळाली त्या ग्रंथाने आपले देणे गुराख्यांच्या नावे मांडून ठेवले आहे. पण लागलीच तो पुढे म्हणतो की नाव-रूप कळल्याने औषधी कळत नाही. देश, काल आणि प्रत्येक रोग्याची प्रकृती पाहून तिची योजना ज्याला करता येते तोच वैद्य. गुराख्याने नाव लपविले असते तर संहिता लिहिली गेली नसती, आणि वैद्याने नावावरच भागविले असते तर रोगी जगला नसता.

आपल्या काळात या प्रश्नाला दस्तऐवजी स्वरूप आले आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये मिळाले; डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ही लढाई जिंकता आली ती पुराव्याच्या जोरावर. संस्कृत ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील १९५३ चा एक लेख दाखल करता आला म्हणून हळद वाचली. कोणा आजीने ‘गुण जातो’ म्हणून मनातच ठेवलेल्या हळदीला कोणत्याही कचेरीत साक्ष देता आली नसती. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तजवीज केली ती याच अनुभवाच्या पाठीवर. म्हणजे सांगण्यानेच ज्ञानाचे रक्षण होते, असा कौल येथे मिळाला, असे वाटावे. आणि तरीही नोंदवहीपुढे बसलेला भगत झाडाचे नाव उच्चारताना अडखळला तर मी त्याला अडाणी म्हणणार नाही. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथनिविष्ट पारंपरिक ज्ञानाला लाभाच्या वाटणीतून सूट दिली. जे लिहिले गेले ते सर्वांचे झाले, हे तत्त्व म्हणून उदात्त आहे. परंतु ‘सर्वांचे’ होताच त्यातून पैसा कोणाचा होतो, हे विचारण्याचा हक्क ज्याने पैसा न घेण्याचे व्रत पाळले त्याला सर्वांत अधिक आहे. त्याने मोबदला सोडला तो दुसऱ्या कोणी घ्यावा म्हणून नव्हे. पहिली अट पाळणाऱ्या समाजातच दुसरी अट मोडणे निर्धोक असते, असे माझे मत आहे. आपण दुसरी मोडावयास सांगत आहो आणि पहिलीची आठवणही ठेवीत नाही.

आणखी एक गोष्ट या रीतीच्या कैवाऱ्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितली पाहिजे. झाडपाल्याचा अधिकार किरकोळ दुखण्यांपुरता आहे. भगत तांदळाचे दाणे टाकून कौल पाहतो, घाबरलेल्या घराला धीर येतो, आणि धीर हेही औषधच आहे; चरकाने उपचाराचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे तीन मार्ग मानले, ते मन आणि श्रद्धा यांना वैद्यकात स्थान आहे हे जाणूनच. पण पहिल्या मार्गावर थांबून दुसरा बंद करावा असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. सर्प चावला असता मंत्र घालीत घालवलेला तास परत येत नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा तिथे अन्न, रस्ता आणि दवाखाना हवा होता. कोणत्याही पाल्याने ती उणीव भरून निघणार नव्हती. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला, ते योग्यच झाले. महाडच्या परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग पडताळून पाहिला आणि आपली निरीक्षणे ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडली, सांगितल्याने त्या औषधाचा गुण गेला नाही, उलट कोकणाबाहेरच्या रोग्यांनाही तो आला.

राहता राहिली भूमी. सुश्रुताने वनौषधी कोठली घ्यावी हे सांगताना स्मशान, वारूळ, वधस्थान, खारवट किंवा रेताड जागा वर्ज्य केल्या आहेत. त्या यादीत रासायनिक कारखान्याचा नाला असण्याचे कारण नव्हते. बोईसरच्या परिसरात वसाहतीच्या कडेने आजही अडुळसा वाढतो, निरगुडी फुटते, आणि नाल्याच्या ओलीवर तिला पालाही भरघोस येतो. वसाहतीचे सांडपाणी नवापूरपाशी समुद्रात जाते. त्यावरून मच्छीमारांनी केलेल्या तक्रारीची दखल राष्ट्रीय हरित लवादाला घ्यावी लागली. अशा काठावरचा पाला आणणाऱ्याने आदल्या संध्याकाळी अक्षता ठेवल्या, दाम घेतला नाही, उपवासही केला, तरी त्या पाल्यात काय उतरले असेल हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. आपल्याकडची प्रत्येक अट त्याने पाळली आहे, आणि मोडली आहे ती दुसऱ्याच कोणी, ज्याने झाडापाशी काही मागितले नाही, केवळ प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र फायलीला लावले.

चरकाच्या विमानस्थानात जनपदोध्वंसाचा अध्याय आहे. गंगेच्या काठी, कांपिल्य नगरीजवळ, ग्रीष्माच्या अखेरीस फिरत असताना आत्रेय पुनर्वसू आपल्या शिष्याला, अग्निवेशाला, सांगतात की भूमीचा रस नाहीसा होण्याच्या आत औषधी गोळा करून ठेव. वायू, जल, देश आणि काल बिघडले म्हणजे निरनिराळ्या प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच रोगाने मरतात, आणि त्या वेळी मातीतून उपटलेल्या मुळ्यांत सामर्थ्य उरलेले नसते. अग्निवेश विचारतो, हे चारही बिघडतात कशाने? आत्रेयांच्या उत्तरात भगताचा दोष नाही आणि रोग्याच्या नशिबाचाही उल्लेख पहिला येत नाही. मूळ अधर्मात आहे, असे ते म्हणतात, आणि त्या अधर्माचा आरंभ कोठून मोजायचा हेही सांगतात : देशाच्या, नगराच्या आणि जनपदाच्या प्रमुखांपासून, त्यांच्यामागून त्यांचे आश्रित, मग नगरवासी, मग व्यवहार करणारे व्यापारी. औषध देणारा त्या ओळीत कोठेही नाही.