अल्प अपराध आणि परक्या देशातील कायमचे वास्तव्य

महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा आपल्यापैकी पुष्कळांनी कीर्तनात ऐकली असेल. मौनव्रत धरून बसलेल्या या ऋषींच्या आश्रमात चोर मुद्देमालासह लपून राहिले. राजाच्या शिपायांनी पृच्छा केली, पण मौनामुळे उत्तर मिळेना. तेव्हा चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढविण्यात आले. पुढे त्यांनी प्रत्यक्ष धर्माला जाब विचारला तेव्हा उलगडा झाला की, बाळपणी त्यांनी पतंगांच्या पुच्छात गवताच्या काड्या खुपसल्या होत्या, त्याचे हे फळ! एवढ्याशा अपराधाला एवढा दंड देणाऱ्या धर्मालाच ऋषींनी शाप दिला आणि चौदा वर्षांच्या आतील कृत्य यापुढे पातक गणले जाणार नाही, अशी मर्यादा घालून दिली. त्या शापामुळेच धर्माला विदुराच्या रूपाने जन्म घ्यावा लागला.

ही कथा आज आठवली ती एका अगदी व्यावहारिक प्रश्नामुळे. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या कुटुंबांतून मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी अमेरिकेस जातात, तेथे संसार मांडतात आणि कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, म्हणजे ज्याला सर्वजण ग्रीन कार्ड म्हणतात त्यासाठी, अर्ज करतात. नोकरीच्या आधारावर असे परवाने वर्षाला सुमारे 1,40,000 मिळतात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सामान्यतः त्यांपैकी सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. त्यामुळे भारतीयांना वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागते. या दीर्घ काळात मनुष्याच्या हातून एखादे क्षुल्लक गैरकृत्य घडले तर त्याचे काय होते, आणि जे होते ते न्याय्य आहे काय?

त्या देशाच्या कायद्यात ‘नैतिक अधःपतनाचा गुन्हा’ असा एक वर्ग आहे. हा शब्दप्रयोग तेथील स्थलांतरविषयक कायद्यात 1891 साली आला, परंतु त्याची व्याख्या विधिमंडळाने अद्याप केलेली नाही. 1951 साली तेथील सर्वोच्च न्यायालयात हा शब्द फार संदिग्ध असल्याचा आक्षेप घेण्यात आला. बहुमताने तो फेटाळला गेला, तरी न्यायमूर्ती जॅक्सन यांनी आपला विरोध नोंदवून ठेवला आहे. व्यवहारात वेगमर्यादा ओलांडल्याबद्दलचा साधा दंड या वर्गात येत नाही. दुकानातून पैसे न देता वस्तू उचलणे मात्र बहुधा येते, मग ती वस्तू वीस डॉलरांची का असेना. मद्य पिऊन मोटार हाकणे हे सामान्यतः या वर्गात मोडत नाही. तथापि परवाना देणे हा अधिकाऱ्याच्या विवेकाधीन प्रश्न असल्यामुळे ते अर्जदाराच्या विरुद्ध तोलले जातेच. आणि माझ्या मते तेथे अधिकाऱ्याला दोष देता येणार नाही, कारण मद्यधुंद माणसाने रस्त्यावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हे वीस डॉलरांच्या चोरीपेक्षा केव्हाही भयंकर आहे. कायद्याची वर्गवारी आणि आपली नीतिबुद्धी यांची सांगड नेहमी बसतेच असे नाही.

कायदा अगदीच निर्दय आहे असेही नव्हे. अपराध एकच असेल, त्याला एका वर्षाहून अधिक कैदेची तरतूद नसेल आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांहून अधिक शिक्षा झालेली नसेल, तर क्षुल्लक अपराध म्हणून तो प्रवेशाच्या आड येत नाही. अठरा वर्षांच्या आत घडलेल्या एकट्या अपराधालाही, पाच वर्षे उलटली असल्यास, सूट आहे. मांडव्य ऋषींची मर्यादा वयाच्या थोड्याफार फरकाने तेथे अशी पोहोचलेली आहे. परंतु मादक पदार्थांच्या अपराधांना ही सूट नाही. अनेक राज्यांनी गांजा कायदेशीर केला असला तरी संघराज्याच्या कायद्यात तो नियंत्रित पदार्थांतच मोडतो. ज्या दुकानात शेजारचा अमेरिकन नागरिक निःशंकपणे जातो तेथेच परदेशी मनुष्याचे पाऊल चुकते.

सर्वांत फसवी गोष्ट आणखीच निराळी आहे. किरकोळ खटल्यात कित्येकदा वकील सुचवितो की, अपराध कबूल करावा, थोडी समाजसेवा करावी, म्हणजे खटला काढून टाकला जाईल व नोंदही पुसली जाईल. तेथे जन्मलेल्या तरुणाला हा सल्ला हिताचा असतो. परंतु 1996 सालच्या दुरुस्तीनुसार कबुली आणि तिच्यापाठोपाठ कोणत्याही स्वरूपाचा दंड किंवा निर्बंध एवढे झाले की, स्थलांतराच्या दृष्टीने ते दोषी ठरणेच होय. पुढे राज्याच्या न्यायालयाने नोंद पुसली तरी त्याने फरक पडत नाही. सुळावरून उतरविल्यावरही सुळाचे टोक मांडव्यांच्या शरीरात राहिले व म्हणून त्यांना अणीमांडव्य म्हणू लागले, त्याची येथे आठवण होते. वकिलाने आपल्या परदेशी पक्षकाराला हद्दपारीच्या धोक्याची जाणीव दिलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने पाडिला विरुद्ध केंटकी या खटल्यात ठरविले ते 2010 साली. तो पाडिला चाळीसहून अधिक वर्षे अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य केलेला, व्हिएतनाम युद्धाच्या काळात तिच्या सैन्यात राहिलेला मनुष्य होता.

आता न्यायाचा प्रश्न. आपल्या घरात कोणाला ठेवून घ्यावे हे ठरविण्याचा यजमानाचा अधिकार मी नाकारीत नाही. असा अधिकार नसेल तर घर आणि धर्मशाळा यांत भेदच उरणार नाही. पण पाच-दहा वर्षे ज्याने त्या घरात कष्ट केले, कर भरला, ज्याची मुले तेथील शाळेत जातात, तो निव्वळ पाहुणा राहिला काय? 1893 साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने हद्दपारी ही शिक्षा नव्हे असे सांगितले. कायद्याच्या भाषेत ते खरे असेल. परंतु ज्याला दोनशे डॉलर दंड झाला आणि त्यामुळे ज्याचे घर मोडले, त्याला कोणती शिक्षा मोठी वाटेल हे सांगावयास न्यायाधीश नको. राजदंड भोगलेला अपराधी निर्मल होतो, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे. त्या स्मृतीतील दंडव्यवस्थेचे मी समर्थन करीत नाही. पण दंडाला शेवट असावा हा विचार तीत आहे, आणि येथे नेमका तोच हरवलेला दिसतो.

मात्र एक गोष्ट मला आपल्याच मंडळींना सांगावीशी वाटते. अर्जात विचारलेले असते की, तुम्हाला कधीही अटक झाली होती काय, तुमच्यावर कधीही आरोप ठेवला होता काय. आणि पुसलेली नोंदही उघड करावी असे तेथे स्पष्ट बजावलेले असते. अशा वेळी मुलगा दूरध्वनीवरून घरी विचारतो आणि वडीलधारी माणसे, अर्थात मायेने, म्हणतात, ‘अरे, सुटलास ना? मग कशाला लिहितोस?’ हा सल्ला व्यवहारदृष्ट्या घातक आहे, कारण महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून दडवून लाभ मिळवू पाहणाऱ्यास तो कायदा जन्मभराची बंदी घालतो आणि तीतून सूट फार थोड्यांना मिळते. क्षुल्लक म्हणून जी चूक कदाचित माफ झाली असती, ती लपविल्यामुळे न माफ होणारी बनते. पण समजा, ती कधीच उघडकीस येणार नाही, तरी काय? यजमानाच्या नियमांना अन्याय्य म्हणण्याचा हक्क आपण सांगतो, तो खोटे लिहून घरात शिरलेल्या माणसाला कितपत उरतो?

यावर कोणी म्हणेल की, जेथे सत्य सांगणाऱ्याला बेसुमार दंड होतो तेथे असत्याचा दोष थोडा कायद्याकडेही जातो. हा आक्षेप मला सर्वस्वी खोडून काढता येत नाही. परंतु त्यामुळे वडिलांचा दूरध्वनीवरील सल्ला बदलू नये. मुलाने न्यायालयातील निकालाची प्रमाणित प्रत मिळवावी, कबुली देण्यापूर्वीच, आणि ते राहून गेले असल्यास निदान अर्जापूर्वी तरी, स्थलांतराचा कायदा जाणणाऱ्या वकिलास भेटावे आणि घडले ते घडले तसे लिहावे. आणि खर्चाची अडचण असेल तर त्यासाठी घरातून पैसे पाठवावेत.